नाव तेच, ताकद निराळी : डेस्कटॉप आणि लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ ओसरली की गोव्यातील अनेक घरांत संगणक खरेदीची चर्चा सुरू होते. मुलगा अभियांत्रिकीला जाणार असो, मुलगी वास्तुरचना वा ॲनिमेशन शिकणार असो, पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या दुकानात गेल्यावर विक्रेता एक आकडा हमखास सांगतो : ४०५०, ४०६०, ४०७०, अलीकडे ५०६० वा ५०७०. हा आकडा ग्राफिक्स कार्डाचा. टेबलावर ठेवायच्या संगणकाच्या कार्डावर जो आकडा असतो तोच लॅपटॉपच्या मनगट टेकवायच्या जागी चिकटवलेल्या स्टिकरवरही दिसतो. आकडा एक म्हणजे ताकद एक, असा सरळ समज ग्राहक करून घेतो आणि लाखाच्या आसपासची रक्कम त्या समजावर खर्च होते. प्रत्यक्षात हा आकडा म्हणजे मोजमाप नाही. एखाद्या मालिकेत त्या वस्तूला कंपनीने कोणती पायरी दिली, एवढेच तो सांगतो. डेस्कटॉपची पायरी आणि लॅपटॉपची पायरी यांची उंची सारखी असेलच असे नाही.

एका नावाच्या दोन चिपा

हा फरक सर्वांत ठळकपणे दिसतो तो एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या कार्डात. डेस्कटॉपसाठीचे ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आले. त्यातील 'एडी१०२' ही चिप सुमारे ६०८ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाची असून तिच्यात ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. आकडेमोड करणारी 'कुडा कोअर' नावाची १६,३८४ एकके, २४ गिगाबाइट मेमरी आणि ४५० वॅट वीज, असा तिचा संसार. लॅपटॉपसाठीचे ४०९० त्यानंतर चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये आले. त्यात 'एडी१०३' ही वेगळी, सुमारे ३७९ चौरस मिलिमीटरची चिप आहे. एकके ९,७२८, मेमरी १६ गिगाबाइट आणि विजेची मूळ मर्यादा ८० ते १५० वॅट.

हीच 'एडी१०३' चिप आणि नेमकी तेवढीच ९,७२८ एकके डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०८० मध्ये आहेत. म्हणजे लॅपटॉपमधील ४०९० हे वस्तुतः कमी विजेवर चालवलेले डेस्कटॉपचे ४०८० होय. एक पायरी खाली हीच गोष्ट पुन्हा घडते. लॅपटॉपच्या ४०८० मध्ये जी 'एडी१०४' चिप बसवली, तिच्याच कुटुंबातले डेस्कटॉपचे कार्ड ४०७० या नावाने विकले गेले.

२०२५ च्या मालिकेतही चित्र पालटले नाही. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ५०९० मध्ये २१,७६० एकके असून ते ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. लॅपटॉपच्या ५०९० मध्ये १०,४९६ एकके आहेत, म्हणजे निम्म्याहूनही कमी. मेमरी अनुक्रमे ३२ आणि २४ गिगाबाइट.

कंपनी लॅपटॉपच्या चिपेला अधिकृतपणे 'लॅपटॉप जीपीयू' असे शेपूट जोडते, हे खरे. गावात एकाच नावाचे दोघे असले की आपण वाड्याचे नाव जोडून त्यांची ओळख पटवतो, तसाच हा प्रकार. पण दुकानाच्या फलकावर, जाहिरातीत आणि विक्रेत्याच्या बोलण्यात वाड्याचे नाव गळून पडते आणि उरतो तो फक्त आकडा.

जुनी पद्धत अधिक प्रामाणिक

नावांचा हा घोळ पूर्वी एवढा नव्हता. २०१४ मध्ये आलेल्या लॅपटॉपच्या चिपेचे नाव जीटीएक्स ९८०एम असे होते. 'एम' म्हणजे मोबाइल, फिरत्या संगणकासाठीची. तिच्यात १,५३६ एकके होती, डेस्कटॉपच्या जीटीएक्स ९८० मध्ये २,०४८. एका अक्षराने ग्राहकाला आवश्यक ती सूचना मिळत होती.

२०१६ मध्ये जीटीएक्स १० ही मालिका आली तेव्हा कंपनीने ते अक्षर काढून टाकले. त्या वेळी त्याला आधार होता. लॅपटॉपच्या जीटीएक्स १०८० मध्ये डेस्कटॉपइतकीच २,५६० एकके होती आणि कामगिरीही जवळ जाणारी होती. मात्र ती सांभाळणारे लॅपटॉप जाडजूड आणि वजनदार होते. पुढच्याच वर्षी सडपातळ लॅपटॉपसाठी कमी विजेवर चालणारी 'मॅक्स-क्यू' ही उपजात आली. अग्निबाण आकाशात झेपावताना त्यावर हवेचा दाब सर्वाधिक असतो त्या क्षणाला अवकाशतंत्रज्ञ मॅक्स-क्यू म्हणतात. तेथून हे नाव उचलले. नाव भारदस्त, अर्थ मात्र 'थोडा मंद'. तरीही ती खूण होती. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेबरोबर चिपेच्या नावातून तीही गेली. त्याच मालिकेत डेस्कटॉपच्या ३०८० मध्ये ८,७०४ आणि लॅपटॉपच्या ३०८० मध्ये ६,१४४ एकके होती. नावे एकरूप झाली आणि वस्तू दूर गेल्या, असा हा उलटा प्रवास आहे.

प्रतिस्पर्धी एएमडीने 'एम' अक्षर टिकवले आहे. डेस्कटॉपचे आरएक्स ७९०० एक्सटीएक्स ३५५ वॅटचे, ६,१४४ एककांचे. लॅपटॉपचे आरएक्स ७९००एम १८० वॅटपर्यंतचे, ४,६०८ एककांचे. अंतर येथेही आहे, पण ते नावात दिसते. दुर्दैवाने एएमडीच्या ग्राफिक्स चिपा बसवलेले लॅपटॉप आपल्याकडील दुकानांत तुरळकच आढळतात.

सगळा खेळ वॅटचा

लॅपटॉपमध्ये मोठी चिप का बसवत नाहीत, याचे उत्तर उष्णतेत आहे. ग्राफिक्स चिप जेवढी वीज घेते तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ४५० वॅट म्हणजे इस्त्रीच्या निम्म्या ताकदीची शेगडीच. ती थंड ठेवण्यासाठी एनव्हिडियाच्या स्वतःच्या ४०९० कार्डाची लांबी ३०४ मिलिमीटर, जाडी तीन खाचांएवढी आणि वजन दोन किलोहून अधिक ठेवावे लागले. दोन-अडीच किलोच्या संपूर्ण लॅपटॉपमध्ये, दोन बोटे जाडीच्या कवचात, स्क्रीन, बॅटरी, कळफलक आणि मुख्य प्रोसेसर यांच्या सोबतीने एवढी उष्णता हाताळणे शक्य नाही. म्हणून लॅपटॉपच्या चिपेला विजेचा शिधा ठरवून दिलेला असतो.

हा शिधा निर्मात्याने ठरवायचा असतो, आणि खरी मेख येथे आहे. आरटीएक्स ४०६० च्या लॅपटॉप चिपेसाठी एनव्हिडियाने दिलेली मर्यादा ३५ ते ११५ वॅट अशी ऐसपैस आहे. तिच्या गतीची कमाल त्यानुसार १,४७० ते २,३७० मेगाहर्ट्झ अशी बदलते. एकाच चिपेचे, एकाच नावाचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले आणि एकाला निर्मात्याने तळातला शिधा दिला, दुसऱ्याला वरचा, तर दोहोंच्या गतीत साठ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. स्टिकर मात्र तंतोतंत सारखे. डेस्कटॉप कार्डांत असे सहसा होत नाही. तेथे वेगवेगळ्या निर्मात्यांची एकाच नावाची कार्डे काही टक्क्यांच्या आत-बाहेर राहतात.

यात एक दिलासाही आहे. वीज एक तृतीयांश झाली म्हणून कामगिरी एक तृतीयांश होत नाही. चिपेला लागणारी वीज ढोबळमानाने गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते, त्यामुळे शेवटच्या थोड्या गतीसाठी विजेची किंमत फार मोठी पडते. उलट बाजूने पाहिले तर गती आणि व्होल्टेज दोन्ही वीस टक्क्यांनी उतरवली की विजेची गरज जवळपास निम्म्यावर येते. लॅपटॉपची चिप नेमक्या या काटकसरीच्या पट्ट्यात काम करते. म्हणूनच १५० वॅटचे लॅपटॉपी ४०९० हे ४५० वॅटच्या डेस्कटॉपी भावाच्या ढोबळमानाने निम्मी ते दोन तृतीयांश कामगिरी देऊ शकते. दर वॅटमागे होणाऱ्या कामाचा हिशेब मांडला तर लॅपटॉपच सरस ठरतो.

घरच्या वीजबिलातही हे दिसते. ४५० वॅटचे कार्ड रोज चार तास पूर्ण भाराने चालवले तर एकट्या कार्डाचा महिन्याचा खप ५४ युनिट होतो. ११५ वॅटच्या चिपेचा तेवढ्याच वापराचा खप १४ युनिटांच्या आत राहतो.

सामान्य खरेदीदाराचा पट्टा

४०९० वा ५०९० ही श्रीमंती थाटाची उदाहरणे झाली. बहुसंख्य घरांत खरेदी होते ती ४०५० ते ४०७० किंवा ५०५० ते ५०७० या पट्ट्यातील वस्तूंची, आणि येथे गणित थोडे वेगळे आहे.

आरटीएक्स ४०६० हे या मालिकेतील सर्वांत सरळ नाव म्हणावे लागेल. डेस्कटॉप आणि लॅपटॉप या दोन्हींत 'एडी१०७' हीच चिप, ३,०७२ एकके आणि ८ गिगाबाइट मेमरी आहे. डेस्कटॉपचे कार्डही मुळात ११५ वॅटचेच. म्हणून पूर्ण शिधा मिळालेला ४०६० चा लॅपटॉप डेस्कटॉपच्या ४०६० च्या बराच जवळ जातो. ज्याला एकच यंत्र घेऊन फर्मागुडी, पुणे किंवा बेळगावच्या वसतिगृहात राहायचे आहे, त्याच्यासाठी ही तडजोड वाईट नाही.

४०७० कडे वळले की मात्र जमीन सरकते. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५,८८८ एकके, १२ गिगाबाइट मेमरी आणि २०० वॅट वीज आहे. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये चिप निराळी, एकके ४,६०८ आणि मेमरी ८ गिगाबाइट. मेमरीतून चिपेपर्यंत माहिती वाहून नेण्याचा वेग डेस्कटॉपमध्ये सेकंदाला ५०४ गिगाबाइट, तर लॅपटॉपमध्ये २५६ गिगाबाइट. रस्ताच निम्मा अरुंद. शिवाय लॅपटॉपच्या ४०७० चा विजेचा शिधाही ४०६० एवढाच, ३५ ते ११५ वॅट. एकके दीडपट असूनही मेमरी तेवढीच, रस्ता तेवढाच आणि वीजही तेवढीच, मग वाढीव पैशांचे पूर्ण मोल मिळणार कसे? कमी शिधा मिळालेल्या ४०७० ला पूर्ण शिधा मिळालेले ४०६० गाठते, असा प्रकार या जोडीत सहज घडू शकतो. दुकानात या दोघांत निवड करण्याची वेळ आली तर आकड्याच्या मोहात न पडता वॅट विचारणे श्रेयस्कर.

५०७० च्या बाबतीत हीच तक्रार कायम आहे. डेस्कटॉपच्या कार्डाला ६,१४४ एकके आणि १२ गिगाबाइट मेमरी, तर लॅपटॉपच्या चिपेला ४,६०८ एकके आणि ८ गिगाबाइट. आजच्या काळात ८ गिगाबाइट हा आकडा सर्वांत जास्त खटकावा असा आहे. चिप मंद असेल तर काम उशिरा का होईना पूर्ण होते. मेमरी अपुरी पडली तर काम अडते किंवा संगणकाच्या मुख्य मेमरीतून ये-जा सुरू होऊन वेग कोसळतो. ब्लेंडरमध्ये मोठे दृश्य साकारणे, दाविंची रिझॉल्व्हमध्ये उच्च रिझोल्युशनची चित्रफीत संपादित करणे, कृत्रिम बुद्धिमत्तेचे भाषिक प्रारूप स्वतःच्या यंत्रावर चालवणे, या तिन्ही कामांत मेमरीचा अंत आधी लागतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी यंत्र घेणाऱ्याने हा विचार पहिल्या वर्षीच करायला हवा, कारण लॅपटॉपमधील ही मेमरी नंतर वाढवता येत नाही.

दमट हवा आणि बंद खोली

कंपन्यांचे आकडे बहुधा वातानुकूलित प्रयोगशाळेतले असतात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचे तापमान सहज ३३-३४ अंशांवर असते. बाहेरची हवा दहा अंशांनी अधिक तापलेली असेल तर तेवढ्याच भाराखाली चिपही साधारण तेवढ्याच अंशांनी अधिक तापते. डेस्कटॉपच्या प्रशस्त पेटीत ही वाढ पचते. लॅपटॉपची चिप मुळातच मर्यादेजवळ काम करत असल्याने, साधारण ८५ ते ९० अंशांच्या आसपास पोहोचताच ती स्वतःला जपण्यासाठी गती कमी करते. त्यात मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या उष्णतावाहक नळ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये सामाईक असतात. एक तापला की दुसऱ्यालाही झळ लागते. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतली कामगिरी आणि तासाभरानंतरची कामगिरी यांत फरक पडतो. दुकानातील प्रात्यक्षिक पाच मिनिटांचेच असते, हे ध्यानात ठेवावे.

लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरणे म्हणजे त्याचे नाक दाबणे होय. मागची बाजू दोन बोटे उचलून ठेवली तरी पंख्यांना श्वास मिळतो. वर्षातून एकदा जाणकाराकडून धूळ साफ करून घेणेही फायद्याचे.

पावसाळ्यातील गोष्ट उलट आहे. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, डेस्कटॉप बंद पडतो. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतचाच भार पेलतो. ४०६० चे कार्ड असलेला संगणक त्यावर काम जतन करण्यापुरता तग धरतो. ४५० वॅटच्या कार्डापुढे तो हात टेकतो. मोठ्या कार्डाचा डेस्कटॉप घेणाऱ्याने यूपीएसची आणि अंतर्गत वीजपुरवठा संचाचीही किंमत आधीच धरावी. ४०६० साठी ५५० वॅटचा, ४०९० साठी ८५० वॅटचा संच, अशी कंपनीची शिफारस आहे.

मात्र लॅपटॉप बॅटरीवर चालतो म्हणून त्याचे ग्राफिक्सही बॅटरीवर तसेच चालते, असे मानू नये. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी बहुधा १०० वॅट-तासांच्या आत ठेवतात. चिपेने एकटीने १०० वॅट ओढले तर ती तासभरही टिकणार नाही. म्हणून चार्जर काढताच यंत्र ग्राफिक्सचा शिधा झपाट्याने कापते. वर्गात बसून नोंदी घेणे जमेल. त्रिमितीय दृश्याचे रेंडरिंग नाही.

पडद्याकडे जाणारी वाट

आणखी एक बाब स्टिकरवर नसते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिपेने तयार केलेले चित्र थेट पडद्यावर न जाता मुख्य प्रोसेसरमधील लहान ग्राफिक्समार्गे जाते. बॅटरी वाचवण्यासाठी ही सोय चांगली आहे, पण खेळांत त्यामुळे काही फ्रेम गमावल्या जातात. 'मक्स स्विच' असलेल्या यंत्रात ही आडवाट बंद करून चिप पडद्याशी थेट जोडता येते. तसेच मुख्य मेमरीची एकच पट्टी बसवलेली असेल तर दुसरी घालून घ्यावी. तुलनेने अल्प खर्चात होणारी ही सुधारणा आहे.

बिघाड झाला तर

डेस्कटॉपमधील कार्ड स्क्रू सैल करून, वायर काढून दहा मिनिटांत बदलता येते. चार वर्षांनी नवे घ्यावे, जुने विकावे. लॅपटॉपमधील चिप मुख्य पटलावर कायमची डाखलेली असते. ती बिघडली की बहुतेकदा संपूर्ण पटल बदलावे लागते आणि हमीचा काळ संपला असेल तर तो खर्च अंगावर येतो. फ्रेमवर्क या कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग काढून नवा बसवता येतो. असा तो मोजक्या अपवादांपैकी एक आहे.

लॅपटॉपला बाहेरून डेस्कटॉपचे कार्ड जोडण्याचा मार्गही उपलब्ध आहे. थंडरबोल्ट ४ च्या केबलची क्षमता सेकंदाला ४० गिगाबिट असते, तर डेस्कटॉपच्या पटलावरील चौथ्या पिढीच्या पूर्ण खाचेची सुमारे २५६ गिगाबिट. या अरुंद वाटेमुळे मोठ्या कार्डाची बरीच ताकद वाया जाते. पेटी, वीजपुरवठा आणि कार्ड यांचा एकत्रित खर्च पाहता, घरी साधा डेस्कटॉप आणि प्रवासासाठी हलका लॅपटॉप ही जोडी पुष्कळदा अधिक किफायतशीर पडते. ज्यांचे मूल घरूनच महाविद्यालयात ये-जा करणार आहे, त्यांनी या पर्यायाचा हिशेब जरूर मांडून पाहावा.

खरेदीच्या वेळी

लॅपटॉप घेताना ग्राफिक्स चिपेची कमाल वीजमर्यादा वॅटमध्ये विचारावी. विक्रेत्याला ती ठाऊक नसल्यास निर्मात्याच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्रकात पाहावी. तेथे ती 'टीजीपी' किंवा 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' या नावाने दिलेली असते. काही निर्माते त्यात प्रोसेसरकडून उसनी मिळणारी १५ ते २५ वॅटची भर मिळवून मोठा आकडा छापतात, म्हणून दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हींचे आकडे एकाच रीतीने मोजलेले आहेत ना, हे तपासावे. यंत्र सुरू करून दाखवल्यास एनव्हिडियाच्या नियंत्रण फलकातील 'सिस्टिम इन्फर्मेशन' या भागात तोच आकडा दिसतो. चार्जर किती वॅटचा आहे, हेही उलटून वाचावे. मोठ्या चिपेबरोबर लहान चार्जर दिला असेल तर शिधा कमी ठेवल्याचा तो पुरावाच समजावा.

एकाच मालिकेतील लॅपटॉप वेगवेगळ्या वॅटच्या आवृत्त्यांत येतात आणि बाहेरून ते ओळखू येत नाहीत. त्यामुळे बिलावर केवळ मालिकेचे नाव आणि '४०६०' एवढेच न लिहिता यंत्राचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा, आणि तो खोक्यावरील व लॅपटॉपच्या तळाशी छापलेल्या क्रमांकाशी दुकानातच ताडून पाहावा.